तीच गोळी, तेवढाच डोस

औषधांच्या दुकानात सर्वांत निर्धास्तपणे उच्चारले जाणारे वाक्य म्हणजे, "वहिनी, नवीन काही नाही, मागचीच गोळी द्या." औषध ओळखीचे आहे, डोस ठरलेला आहे, अंगाला मानवलेला आहे, तेव्हा विचारपूस करण्यासारखे काही उरलेले नाही, असे गिऱ्हाइकाला सुचवायचे असते. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीबाबत ते बहुतेक वेळा खरेही असते. मात्र अफूपासून निघालेल्या किंवा अफूसारखेच काम करणाऱ्या वेदनाशामकांच्या बाबतीत, म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, टॅपेंटाडॉल, ट्रॅमाडॉल या घराण्याच्या बाबतीत, हे वाक्य ऐकले की मी आधी विचारते, शेवटची गोळी कधी घेतली होती? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या लहानशा औषध दुकानात या प्रश्नाने काही जण चक्रावतात आणि काही जण रागावतातही. "तुम्हाला काय करायचंय, चिठ्ठी आहे की," असे सरळ ऐकवणारेही भेटतात. चिठ्ठी असतेच. पण चिठ्ठीवर लिहिलेला आकडा ज्या शरीरासाठी लिहिला गेला, तेच शरीर आज समोर उभे आहे की नाही, हे चिठ्ठी सांगू शकत नाही.

ओव्हरडोस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मूठभर गोळ्या एकदम गिळणारा माणूस येतो. तसेही घडते. परंतु या वर्गातील औषधांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये असे पुष्कळ असतात की ज्यांत गोळ्यांची संख्या पाहून कुणालाही दचकायला होणार नाही, कारण तेवढ्याच गोळ्या तोच माणूस काही काळापूर्वी रोज घेत होता आणि कामावर जात होता. अतिमात्रा म्हणजे ठरावीक मिलिग्रॅम नव्हेत. त्या वेळी ते शरीर जेवढे सोसू शकते, त्याच्या वर गेलेली मात्रा म्हणजे अतिमात्रा. सोसण्याची ही मर्यादा स्थिर नसते आणि सगळा धोका तिथूनच सुरू होतो.

ही औषधे मेंदूतील आणि मज्जारज्जूतील म्यू नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात आणि वेदनेचा संदेश मंदावतात. त्याच प्रकारचे ग्राही मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे श्वासाची लय राखणाऱ्या केंद्रातही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की एरवी आपण झोपेतही आपोआप खोल श्वास घेतो. अफूवर्गीय औषध ती जाणीव बोथट करते. म्हणून अतिमात्रेतील माणूस गुदमरल्यासारखा धडपडत नाही. तो शांतपणे, सावकाश, कमी कमी श्वास घेत जातो, आणि घरच्यांना वाटते की बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. असा माणूस पुष्कळदा घोरल्यासारखा, घशात पाणी अडकल्यासारखा आवाज करतो. घोरणे म्हणजे स्वस्थ झोप, ही आपली समजूत अशा वेळी फार महागात पडते.

औषध नियमित घेत गेले की शरीराला त्याचा सराव होतो. पण सराव सगळ्या परिणामांना सारखा होत नाही, हे दुकानात उभ्या उभ्या समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. गुंगी आणि मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते. वेदना शमवण्याचा गुण हळूहळू कमी होऊ शकतो, तेव्हा माणूस म्हणतो की गोळी आता लागू पडत नाही. बद्धकोष्ठाला मात्र सराव जवळजवळ होतच नाही. वर्षानुवर्षे मॉर्फिन घेणाऱ्यालाही जुलाबाचे औषध सोबत लागते. आणि श्वास मंदावण्याच्या परिणामाला सराव होतो खरा, पण तो सावकाश आणि अपुरा. म्हणजे दुखणे दबत नाही म्हणून माणूस जेव्हा मनानेच एक गोळी वाढवतो, तेव्हा दुखण्याच्या बाजूने त्याचे शरीर पुष्कळ पुढे गेलेले असते आणि श्वासाच्या बाजूने तेवढे गेलेले नसते. मधले अंतर अरुंद होत जाते. उलट, औषध थांबले की सराव मोडायला फार काळ लागत नाही. काही दिवस, फार तर काही आठवडे. आखाडा सुटलेल्या पैलवानाने पहिल्याच पहाटे पूर्वीइतक्या बैठका मारल्या तर फार तर मांड्या भरून येतील. इथे चुकीची किंमत श्वासाने मोजावी लागते.

डोस जितका मोठा तितका धोका मोठा, हे आधी लक्षात आले. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ अशी औषधे घेणाऱ्यांपैकी ज्यांचा दिवसाचा डोस मॉर्फिनच्या हिशेबाने १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यात ओव्हरडोसचे प्रमाण २० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास ९ पट आढळले. "मॉर्फिनच्या हिशेबाने" असे म्हणावे लागते, कारण प्रत्येक औषधाची ताकद वेगळी. याच घराण्यातल्या ऑक्सिकोडोनचा एक मिलिग्रॅम तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या दीड मिलिग्रॅमबरोबर धरतात. ट्रॅमाडॉल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१६ च्या कोष्टकात मॉर्फिनच्या दहाव्या हिश्श्याचे होते, २०२२ च्या कोष्टकात पाचव्या हिश्श्याचे झाले. गोळी तीच, माणूसही तोच, पण कागदावरचा डोस एका सुधारणेत दुप्पट! हे रूपांतर किती ढोबळ असते, हे यावरून कळावे.

मोठ्या डोसाची भीती अमेरिकेत आली ती अनाठायी नव्हती. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा आधार घेऊन, ही औषधे घेतल्याने व्यसन क्वचितच लागते असे तिथे पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. वास्तविक ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांविषयी होते, घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांविषयी नव्हते. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे सावकाश विरघळणारी ऑक्सिकोडोनची गोळी, बाजारात आले, जोरदार प्रचार झाला, आणि २०१२ साली त्या देशात या औषधांच्या चिठ्ठ्यांची संख्या २५ कोटींच्या वर गेली. त्यानंतर लंबक उलट्या दिशेने फिरला. २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने मार्गदर्शिका काढली: दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाताना सावध राहा, ९० च्या वर जाणे शक्यतो टाळा. नव्याने औषध सुरू करताना डॉक्टरांनी पाळायचा तो सल्ला होता. परंतु आकडा एकदा छापला गेला की त्याला कुंपणाचे रूप यायला वेळ लागत नाही. विमा कंपन्या, औषध दुकानांच्या साखळ्या आणि काही राज्यांचे कायदे यांनी त्याची सक्तीची मर्यादा केली, आणि जे रुग्ण आधीपासून वर्षानुवर्षे मोठ्या डोसावर होते त्यांचे डोस भराभर खाली आणले गेले. काहींना तर एका भेटीत सांगितले गेले की पुढची चिठ्ठी मिळणार नाही.

मोठा डोस धोक्याचा असेल तर तो कमी केला की धोका कमी व्हावा, हे कुणालाही पटेल असे गणित आहे. ते तसे सुटले नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनालाच इशारा द्यावा लागला की ही औषधे अचानक बंद केल्याने किंवा झपाट्याने कमी केल्याने तीव्र त्रास, अनावर वेदना आणि आत्महत्येपर्यंतचे प्रकार घडत आहेत. २०२० मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींवरून दिसले की औषध बंद झाल्यानंतर ओव्हरडोसने किंवा आत्महत्येने मृत्यू येण्याचा धोका वाढतो, आणि बंद होण्यापूर्वी औषध जितका जास्त काळ चालू होते तितका तो अधिक वाढतो. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी किमान वर्षभर एका स्थिर, मोठ्या डोसावर असलेल्या १,१३,६१८ रुग्णांच्या २००८ ते २०१९ या काळातील नोंदी तपासल्या. डोस किमान १५ टक्क्यांनी उतरवल्यानंतरच्या काळात ओव्हरडोस किंवा औषध तुटल्याच्या तीव्र त्रासापायी रुग्णालय गाठावे लागण्याच्या घटना दर १०० रुग्ण-वर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष पाहिला की एक रुग्ण-वर्ष) ९.३ होत्या, डोस न उतरवलेल्या काळात त्या ५.५ होत्या. नैराश्य, तीव्र चिंता किंवा आत्महत्येचा प्रयत्न यांसाठी रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण अनुक्रमे ७.६ आणि ३.३ होते. कपात जितकी वेगाने, तितके हे आकडे चढे.

असे अभ्यास वाचताना एक खबरदारी घेतलीच पाहिजे. डॉक्टर दर वेळी केवळ मर्यादेपायीच डोस उतरवत नाहीत. रुग्ण गोळ्या हरवल्याचे सांगू लागला, दारू वाढली, वागणे बिघडले, म्हणूनही उतरवतात. म्हणजे धोका आधीपासूनच वाढलेला असू शकतो आणि कपात ही त्याची केवळ खूण असू शकते. संशोधक आकडेमोडीत याची भरपाई करण्याचा प्रयत्न करतात, पण ती पुरी होतेच असे नाही. त्यामुळे कुणी या आकड्यांवरून डोस कधीच कमी करू नये असा निष्कर्ष काढला तर मी त्याच्याशी वाद घालीन. कोलोरॅडोतील २०१९ च्या एका अभ्यासाने मला या बाबतीत अधिक शिकवले. त्यात डोस किती आहे यापेक्षा तो किती वरखाली होतो याकडे पाहिले गेले. ज्यांच्या डोसात मोठे चढउतार होते, त्यांना ओव्हरडोसचा धोका तिप्पटीहून अधिक निघाला. आणि ज्यांचे औषध पूर्णपणे सुटून तीन महिने किंवा अधिक काळ सुटलेलेच राहिले, त्यांचा धोका निम्म्यावर आला होता. म्हणजे वर राहण्यात धोका आहे, खाली पोहोचून तिथेच स्थिरावण्यात तो कमी आहे, आणि मधल्या अस्थिर काळात, जेव्हा आज दोन गोळ्या, उद्या एकही नाही, परवा चार, असे चाललेले असते, तेव्हा तो सर्वांत जास्त आहे.

या मधल्या काळात काय होते, हे उलगडून पाहिले की आकड्यांचे आश्चर्य उरत नाही. गोळी कमी झाली की दुखणे तर उसळतेच, शिवाय शरीर औषधाअभावी बंड करते: घाम, जांभया, डोळ्यांना-नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, झोप पार उडालेली. त्या अवस्थेतला माणूस घरात उरलेली जुनी स्ट्रिप शोधतो आणि पूर्वीइतक्या गोळ्या एकदम घेतो. सराव मोडलेला असतो, गोळ्या मात्र पूर्वीच्याच हिशेबाने. अमेरिकेत तर असा माणूस पुष्कळदा रस्त्यावरच्या मालाकडे वळला, आणि २०१३ नंतर त्या मालात चोरीछुपे बनवलेले फेंटानिल मिसळले जाऊ लागले, ज्याचा डोस विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. तिसरी वाट निराशेची. दुखणे आणि निद्रानाश यांना कंटाळलेल्या माणसाच्या हाती औषधांचा डबा असतोच.

सराव मोडल्याचा पुरावा सर्वांत उघडपणे मिळतो तो तुरुंगातून सुटलेल्यांत. वॉशिंग्टन राज्यातील सुटका झालेल्या कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. आणखी एक प्रयोग मला विलक्षण वाटतो. १९८२ मध्ये शेपर्ड सीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना हेरॉइनचा सराव करवला आणि मग सगळ्यांना एकच मोठा डोस दिला. ज्या खोलीत एरवी औषध मिळत असे त्याच खोलीत तो डोस मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के दगावले. अनोळखी खोलीत मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. डोस तोच, उंदीरही सारखेच सरावलेले, फक्त जागा बदललेली. ओळखीच्या जागेत शरीर औषध येणार म्हणून आधीच तयारीला लागते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे सराव केवळ रक्तातल्या मात्रेशी बांधलेला नसतो. मग आजारी माणसाला गावाकडून शहरात, लेकाकडून लेकीकडे हलवतात, तेव्हा पहिल्या एकदोन रात्री कुणी तरी त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे असे मला वाटते. उंदरांवरून माणसांची खात्री देता येत नाही, पण लक्ष ठेवायला काही खर्चही येत नाही.

आमच्या घरात हा विषय २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला. माझी मावशी प्रयाग चिखलीला राहत असे. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता आणि तिला दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी चालू होती. त्या महिन्यात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांपर्यंत गेले. चिखली आणि आंबेवाडी रिकामी करावी लागली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुण्याकडची वाहतूक बंद पडली. मावशीला बोटीतून बाहेर काढले तेव्हा कपड्यांचे गाठोडे सोबत आले, गोळ्यांचा डबा मागे राहिला. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावे लागते, आणि तिथपर्यंतचा रस्ताच उरला नव्हता. निवाऱ्याच्या ठिकाणी तिला जुलाब लागले, पोटात मुरडा येऊ लागला, नाक-डोळे वाहू लागले. पुराच्या दिवसांत जुलाब म्हटले की सगळ्यांना पाण्याचाच संशय येतो, म्हणून तिला मीठ-साखरेचे पाणी दिले गेले. ते योग्यच होते, पण ती जांभया का देते आणि तिच्या अंगावर सारखा काटा का येतो, याचे उत्तर त्या पाण्यात नव्हते.

पाणी उतरल्यावर मावसभावाने नव्या गोळ्या मिळवल्या आणि उपशामक सेवेतल्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शेवटच्या गोळीचा, आणि मग निक्षून सांगितले की जुना डोस लगेच सुरू करायचा नाही. निम्म्याने सुरू करा, गोळी दिल्यावर तासाभराने ती हाकेला ओ देते का ते पाहा, मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. मावसभाऊ वैतागून मला म्हणाला, "अगं ताई, ती कळांनी तळमळतीय आणि हे अर्धी गोळी म्हणतात! आधी तर अख्ख्या गोळीनंसुद्धा भागत नव्हतं." त्याचा राग समजण्यासारखा होता. कमी डोस म्हणजे कमी माया, असे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला वाटतेच. मात्र तो फोनवर मोजदाद सांगत राहिला, डॉक्टर पायरीपायरीने डोस वाढवत गेले, आणि मावशी पुन्हा आधीच्या मात्रेवर आली. पुढे आजार वाढला तसा तो डोस त्याहून वर नेला गेला, आणि तेही बरोबरच होते. कर्करोगाच्या वेदनेत ९० किंवा १०० असा कोणताही आकडा भिंतीसारखा उभा करायचा नसतो.

डोस बदलायला पूरच यावा लागतो असे नाही; चिठ्ठीत एक अक्षरही न बदलता तो घरातल्या घरात बदलतो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ, त्यांना गिळता येत नाही, म्हणून घरची बाई गोळी खलबत्त्यात कुटून दुधातून देते. साध्या गोळीचे काही बिघडत नाही. पण बारा तास सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर अर्ध्या दिवसाचे औषध एकदम अंगात उतरते. कातडीवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच साधारण ७२ तास चालतो. त्यावर उष्णता लागली की औषध वेगाने शोषले जाते. पाठ दुखते म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे हा आपल्याकडचा पहिला उपाय, आणि पॅचही पुष्कळदा पाठीवरच लावलेला असतो. सडकून ताप चढला तरी तेच. मूत्रपिंड थकले की मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे एक कार्यक्षम रूप बाहेर पडायचे थांबते आणि साठत जाते, तेव्हा कालपर्यंत मानवलेली मात्रा आज जास्त ठरते. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडलेल्या म्हाताऱ्या माणसात हे थोड्या काळात घडू शकते. मेथाडोन तर आरंभी दिवसेंदिवस अंगात साचत जाते, म्हणून पहिल्या दिवशी बरे सोसले म्हणजे पाचव्या दिवशीही सोसेल असे धरता येत नाही. आणि झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलमसारखी गोळी किंवा दारू सोबत आली की दोघांचा श्वासावरचा भार एकत्र होतो. २०१६ मध्ये अमेरिकेत अशा दोन्ही औषधांच्या वेष्टनावर चौकटीत इशारा छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे एका डॉक्टरांची झोपेची गोळी आणि दुसऱ्या डॉक्टरांची दुखण्याची कॅप्सूल, अशा दोन वेगळ्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत येतात. दुकानदाराने त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या तरच त्या एकमेकींना भेटतात.

एक औषध बंद करून त्याच घराण्यातले दुसरे सुरू करणे हाही डोसातलाच बदल आहे. कोष्टकावरून बरोबरीची मात्रा काढता येते, पण एका औषधाचा सराव दुसऱ्याला पूर्णपणे लागू पडत नाही, म्हणून जाणते डॉक्टर कोष्टकातल्या उत्तरातून चतुर्थांश ते निम्मा भाग वजा करून सुरुवात करतात.

हे सगळे लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. हे वाचून कुणी आपल्या आजारी माणसाचे मॉर्फिन नाकारू नये. अमेरिकेचे दुखणे मुबलकतेचे होते, आपले टंचाईचे आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आल्यानंतर कागदपत्रांच्या आणि शिक्षेच्या भीतीने भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या सुमारे बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी घटला. आणि हा देश औषधासाठी अफू कायदेशीररीत्या पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने खसखशीची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी एक मान्यता पुरेशी ठरली. तरीही गरजेच्या मानाने मिळते ते अगदी थोडे. दुसरीकडे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ वापरतात. म्हणजे ज्याला हवे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्यापर्यंत पोहोचते, हे दोन्ही आपल्याकडे एकाच वेळी चालू आहे. टंचाईचा या विषयाशी थेट संबंध आहे. साठा संपला, मान्यतेचे नूतनीकरण लांबले, रस्ता बंद झाला, की रुग्णाचा डोस कुणीही न ठरवता शून्यावर येतो. आणि साठा आला की तो पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर उडी मारतो. कोलोरॅडोच्या अभ्यासातले चढउतार आपल्याकडे टंचाईमुळेही घडतात. औषध सुरळीत मिळत राहणे हाच सुरक्षिततेचा मोठा भाग आहे, असे माझे मत आहे. निर्बंध आणि सुरक्षितता यांना एकच मानणाऱ्यांना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे.

अतिमात्रेवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. आपल्याकडे तो मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात आणि रुग्णालयातच असतो. त्याचा अंमल पुष्कळ अफूवर्गीय औषधांपेक्षा आधी ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो आणि त्याला लगेच घरी नेणे धोक्याचे असते. हलवूनही जाग येत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, ओठ-नखे निळसर दिसताहेत, श्वास खूप अंतराने येतो, असे दिसले तर १०८ ला फोन करून त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत श्वासावर लक्ष ठेवावे. श्वास थांबतोय असे वाटले तर फोनवरून मिळणाऱ्या सूचनांप्रमाणे कृत्रिम श्वास सुरू करावा. झोपू द्या, उठेल सकाळी, असे म्हणू नये.

दुकानात मॉर्फिन येत नसले तरी ट्रॅमाडॉल येते. २०१४ पासून त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते, रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, दिलेली संख्या. आणि एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. त्यानंतर मी एक प्रकार वारंवार पाहिला. आधी चिठ्ठी न बघता स्ट्रिपच्या स्ट्रिप देणाऱ्या काही दुकानांनी ते ठेवायचेच बंद केले, आणि पाठीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे तेच घेणारी माणसे एका आठवड्यात कोरडी पडली. चिठ्ठीशिवाय विकणे चूकच होते. पण ज्यांना त्याची सवय लागू दिली होती, त्यांना उतरण्याची पायरी कुणीच दिली नाही.

इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार अशा वेळी माझ्याकडे आले. दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल. मी त्यांना औषध नाकारले नाही आणि तसे दिलेही नाही. ओळखीच्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले आणि सांगितले की चिठ्ठी घेऊन या, मी साठा ठेवते. वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्याचा डोस उतरवायचा झाला तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून सावकाश उतरवावा आणि रुग्णाच्या संमतीने उतरवावा, असे अमेरिकेच्या २०२२ च्या सुधारित मार्गदर्शिकेत म्हटले आहे. चार कॅप्सूलचे १० टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम, आणि कॅप्सूल ५० ची. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना दुकानातल्या स्ट्रिपा मोजाव्या लागत नाहीत. डॉक्टरांनी एका कॅप्सूलच्या जागी पॅरासिटामॉलसोबत येणारी ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलची गोळी घातली, मग आणखी एकीच्या जागी, आणि पॅरासिटामॉलची बेरीज कुठे जाते हे पाहण्याचे काम माझ्याकडे दिले. रात्रीची कॅप्सूल शेवटपर्यंत हलवायची नाही असे ठरले, कारण झोप गेली की सगळेच फिसकटते.

मधे त्यांच्या पाळ्या बदलल्या, रात्रपाळी आली, आणि ते येऊन म्हणाले, "वहिनी, ह्या महिन्यात कमी नको, जमंना झालंय." डॉक्टरांनी ऐकले. त्या महिन्यात डोस होता तिथेच ठेवला, परत वाढवला नाही. घरात जुन्या स्ट्रिपा आहेत का असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पुढच्या खेपेला कपाटातली एक अख्खी आणून काउंटरवर ठेवली. आता त्यांना दिवसाला दोन कॅप्सूल चालतात. पाठ अजून धरते, फिजिओथेरपीला ते कधी जातात, कधी टाळतात, आणि पुढची कपात डॉक्टरांनी गणपती झाल्यावर करायची म्हणून ठेवली आहे.